‘शून्यवादी’ आणि ‘सुधारक’

इव्हान तुर्गेनेव्ह यांची ‘पिता आणि पुत्र’ ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. (मूळ रशियन शीर्षकात ‘पुत्र’ नव्हे, ‘अपत्ये’ आहे.) तीत दोन पिढ्यांचा कलह एका शब्दाच्या उच्चारातही ऐकू येतो. ‘तत्त्व’ या अर्थाचा परकी शब्द जुन्या पिढीचा पावेल पेत्रोविच फ्रेंच धर्तीवर मृदू उच्चारतो. त्याचा पुतण्या अर्कादी तोच कठोर करून म्हणतो. अर्कादीचा मित्र बझारोव्ह कोणतेच तत्त्व केवळ श्रद्धेने मानीत नाही, म्हणून तो ‘निहिलिस्ट’. आपण त्यास ‘शून्यवादी’ म्हणतो. पण या शब्दामागे नागार्जुनाचे माध्यमिक दर्शन उभे असल्याने अर्थ ढळतो. बेडूक चिरून पाहणाऱ्या या वैद्यकाच्या विद्यार्थ्यास जगाच्या स्वरूपाविषयी सिद्धान्त मांडावयाचा नसून प्रत्येक अधिकाराची परीक्षा घ्यावयाची आहे.

आपल्याकडे या वृत्तीच्या निकट येतात ते गोपाळ गणेश आगरकर. आसेगाव १९९८ पर्यंत ज्या जिल्ह्यात होते, त्याच्या मुख्य ठिकाणी, अकोल्यास, ते मॅट्रिक झाले. येथे मात्र पिढ्यांचा हिशेब जुळत नाही. ज्यांच्याशी त्यांचा वाद विकोपास गेला ते टिळक त्यांच्याच वयाचे. दोघांचाही जन्म १८५६ चा. ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ मध्ये आगरकरांनी पत्र काढले, त्यास नकारवाचक नाव दिले नाही, ‘सुधारक’ म्हटले. बझारोव्ह उभारणी पुढच्यांवर सोपवितो, आगरकर स्त्रीशिक्षण आणि संमतिवय यांचा आग्रह धरतात. बझारोव्ह शवविच्छेदनातील जखमेने मरतो. आगरकरांची प्रेतयात्रा विरोधकांनी त्यांच्या हयातीतच पुण्यात काढली.