डब्याची बेगमी

ज्या घरांत आई आणि वडील दोघेही नोकरी अथवा व्यवसाय करतात, त्या घरांतील दिवसाचा सर्वांत कठीण काळ कोणता, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर पहाटे साडेपाच ते सात असेच येईल. कारण याच दीड तासात पाणी भरणे, मुलांना उठवून त्यांची आंघोळ उरकणे, दप्तर व गणवेश पाहणे, स्वतःच्या कामाची सिद्धता करणे आणि या सर्वांच्या जोडीला दोन, तीन, क्वचित चार डबे भरणे, एवढी कामे एकाच वेळी दाराशी येऊन उभी राहतात. या घाईची झळ बहुधा डब्यालाच लागते. बिस्किटांचा पुडा, पावाचे दोन तुकडे किंवा झटपट शिजणाऱ्या नूडल्स, जे हाताशी असेल ते डब्यात जाते, आणि ज्यांनी ते दिले त्यांच्या मनाला दिवसभर रुखरुख लागून राहते. ही रुखरुख वात्सल्यातून आलेली असल्यामुळे तिचा आदरच केला पाहिजे. परंतु आणखी अर्धा तास लवकर उठल्याने तिचे निवारण होत नाही, ते पूर्वतरतुदीने होते. डबा सकाळी भरला जातो. त्याची सिद्धता मात्र आदल्या रात्री, आदल्या रविवारी आणि काही अंशी आदल्या महिन्यात झालेली असावी लागते, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

मागील व्यवस्था आणि आजची निकड

पूर्वीच्या मराठी घरात बेगमी हे कारभाराचे एक स्वतंत्र खाते होते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे घालावयाचे, वर्षाचे तिखट आणि गोडा मसाला कांडून ठेवावयाचा, डाळी-कडधान्यांना उन्हे दाखवावयाची आणि भाजणी, मेतकूट, तिळाची, जवसाची व कारळ्याची चटणी यांचे डबे रिकामे होण्यापूर्वीच पुन्हा भरावयाचे, अशी ती वहिवाट होती. या व्यवस्थेचा सारा भार घरातील स्त्रियांच्या शिरावर होता, ही गोष्ट दृष्टीआड करून तिचे नुसते गुणगान करणे अन्यायाचे होईल. तथापि श्रम एकदा करावे आणि त्यांचे फळ अनेक दिवस घ्यावे, हे तिच्या मुळाशी असलेले तत्त्व आजच्या घरालाच अधिक उपयोगी आहे.

मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये डबे पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हापासून चाकरमान्यांच्या डब्याचा प्रश्न एका रीतीने सुटला. कारण कामावर जाणारा माणूस घराबाहेर पडल्यानंतर डबा उचलला जाई आणि स्वयंपाकाला आणखी काही अवकाश मिळे. परंतु त्या सोयीमागे एक गृहीत होते: डबा देण्यासाठी कोणीतरी घरी असणारच. जेथे सातच्या सुमारास मूल आणि आठच्या सुमारास आईवडील बाहेर पडतात, तेथे हे गृहीत टिकत नाही. तेथे स्वयंपाकाचे काम सकाळपासून काढून आठवड्यात विभागून देणे, हाच एक मार्ग उरतो.

किती द्यावे, कसे द्यावे

डब्यात किती अन्न असावे याविषयी पालकांच्या मनात संभ्रम असतो. सरकारी शाळांतील माध्यान्ह भोजनाचे प्रमाण यासाठी चांगला आधार होऊ शकते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय स्तरावर आरंभ झालेल्या आणि २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालणाऱ्या या योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे सुमारे ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे माप ठरविलेले आहे. घरच्या भाषेत सांगावयाचे तर लहान मुलासाठी तीन बेताच्या पोळ्या, वाटीभर सुकी उसळ आणि थोडी भाजी एवढा हा आहार झाला. प्रत्येक मुलाची भूक निराळी असते आणि छोट्या सुट्टीचा खाऊ व मोठ्या सुट्टीचे जेवण मिळून हे प्रमाण पुरे करता येते. परंतु धान्य, डाळ आणि भाजी हे तीनही घटक डब्यात आले की नाहीत, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले. धान्यातील प्रथिनांत लायसिन कमी असते आणि ते डाळींत विपुल असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी पडते आणि ते धान्यातून मिळते. वरणभात, खिचडी, थालीपीठ आणि उसळ-पोळी या आपल्या नित्याच्या पदार्थांत ही पूर्तता आपोआप होते.

प्रमाणाइतकेच महत्त्व खाण्याच्या सुलभतेस आहे. शाळेतील सुट्टी थोडकी असते. त्यात हात धुणे, डबा उघडणे आणि मित्रांशी बोलणेही होते. म्हणून पदार्थ रसदार नसावा, तो हाताने दोन-तीन घासांत खाता यावा, आणि चार-पाच तासांनंतरही मऊ राहावा. पोळीला भाजी लावून तिची सुरळी करावी. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने भिजविल्यास भाकरी मऊ राहते. मराठवाड्याच्या प्रवासात शिदोरीला घेतली जाणारी दशमी दुधात भिजविलेली असते, तीही याच गुणासाठी. थालीपिठात किसलेला दुधी किंवा काकडी आणि चमचाभर तेलाचे मोहन घातल्यास ते गार झाल्यावर वातड होत नाही. गरम पोळी तशीच डब्यात कोंडली की वाफेचे पाणी होऊन ती चिकट होते. ती दोन-चार मिनिटे जाळीवर किंवा स्वच्छ फडक्यावर निवू द्यावी आणि मगच डबा बंद करावा.

महिन्याचे, रविवारचे आणि रात्रीचे काम

महिन्यातून एकदा करावयाच्या कामांत भाजणीला अग्रस्थान द्यावे. ज्वारी व बाजरी प्रत्येकी दोन वाट्या, तांदूळ व हरभऱ्याची डाळ प्रत्येकी एक वाटी, उडदाची डाळ, गहू व धणे प्रत्येकी अर्धी वाटी आणि दोन चमचे जिरे, ही सर्व धान्ये मंद आचेवर निरनिराळी भाजून, निवल्यावर गिरणीतून एकत्र दळून आणावी. हवाबंद डब्यात हे पीठ महिनाभर सहज टिकते, आणि ते घरात असेल तर कांदा, कोथिंबीर, तिखट व मीठ घालून पंधरा मिनिटांत थालीपीठ तव्यावरून उतरते. याच फेरीत नाचणीचेही पीठ आणावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट; त्याचे शोषण दुधातल्याइतके सुलभ नसले, तरी घावन, धिरडे किंवा लाडू यांत मूठभर नाचणी मिसळणे हिताचेच आहे. शेंगदाण्यांचे कूट आणि एक कोरडी चटणी यांचीही तजवीज याच वेळी करावी.

रविवारी दीड तास राखून ठेवावा. शनिवारी रात्री भिजविलेली मटकी सकाळी उपसून पंच्यात बांधली की रात्रीपर्यंत तिला मोड येतात. मग ती शीतकपाटात ठेवून तीन दिवस वापरता येते. पालेभाज्या निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्या, आले-लसूण वाटावे, ओला नारळ खवून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. कुकरात वाफेच्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसवर उकळते, म्हणूनच त्यात डाळ लवकर शिजते. या गुणाचा पुरता लाभ घ्यावयाचा तर एका वेळी एकच पदार्थ न शिजविता खालच्या भांड्यात वरणाची डाळ आणि वरच्या भांड्यात बटाटे किंवा रताळी, असे दोन दिवसांचे साहित्य एकदम शिजवून घ्यावे.

रात्रीचे काम वीस मिनिटांहून अधिक नसावे: कणीक मळून तेलाचा हात लावून झाकून शीतकपाटात ठेवणे, उद्याची भाजी चिरणे, लागत असल्यास डाळ भिजत घालणे आणि रिकामे डबे, चमचे व पाण्याच्या बाटल्या ओट्यावर मांडून ठेवणे. एवढे झाले की सकाळी फक्त फोडणी देणे, लाटणे आणि भाजणे उरते.

सहा दिवसांची आखणी

रोज सकाळी ‘आज काय करावे’ या प्रश्नात जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी प्रत्यक्ष स्वयंपाकातही होत नाही. म्हणून वार नेमून टाकावेत. सोमवारी मटकीची सुकी उसळ आणि पोळी. मंगळवारी भिजविलेले हिरवे मूग आले-मिरचीसह वाटून त्यांची धिरडी आणि सोबत चटणी. बुधवारी मेथी किंवा पालक कणकेत घालून केलेले पराठे आणि दाण्यांची चटणी. गुरुवारी मटार, गाजर, फरसबी घातलेली मुगाच्या डाळीची मोकळी खिचडी. शुक्रवारी थालीपीठ आणि लोणी. शनिवारी शाळा अर्धा दिवस असेल तर शेंगदाणे व मटार घातलेले पोहे आणि लिंबाची फोड. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घराने मंगळवारी घावन अथवा आंबोळी करावी, सोलापूरच्या घराने शेंगांच्या चटणीला अग्रमान द्यावा. वार नेमलेले असावेत, पदार्थ आपल्या मुलखाचे असावेत. छोट्या सुट्टीसाठी राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, पेरूच्या फोडी किंवा केळे यांवाचून निराळे काही करण्याची गरज नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांची एक निराळी अडचण येथे नमूद केली पाहिजे. अमेरिका व कॅनडा येथील अनेक शाळांत, काही मुलांना होणाऱ्या तीव्र ॲलर्जीमुळे, शेंगदाण्यांस मनाई असते, आणि आपल्या उसळीपासून कोशिंबिरीपर्यंत दाण्यांचे कूट सर्वत्र असते. अशा घरांनी डब्यापुरते भाजलेल्या डाळ्यांचे कूट किंवा सुक्या खोबऱ्याचा कीस वापरावा. मात्र शाळेचा नियम आधी नीट वाचून घ्यावा.

उरलेल्या अन्नाचा विवेक

रात्रीची पोळी सकाळी फोडणीला घालणे ही काटकसरीची जुनी आणि चांगली रीत आहे. भाताच्या बाबतीत मात्र दक्षता अवश्य पाळावी. शिजलेला भात उबदार हवेत रात्रभर उघड्यावर राहिला तर त्यात ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूची वाढ होते, आणि त्याचे एक विष पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून फोडणीच्या भातासाठी ठेवावयाचा भात जेवणानंतर लगेच पसरून निववावा, शीतकपाटात ठेवावा आणि सकाळी वाफ निघेपर्यंत परतावा. उन्हाळ्यात व ऑक्टोबरच्या उष्म्यात ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात देऊ नये. कोरडी चटणी त्या दिवसांत निर्धोक असते.

जबाबदारीची वाटणी

इतका बंदोबस्त एकट्या आईने करावयाचा असेल, तर जुन्या अन्यायाची केवळ नवी आवृत्ती निघेल. कमलाबाई ओगले यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने पदार्थांची मापे वाटी-चमच्यांत दिली, आणि अंदाजाचा वारसा ज्यांना घरातून मिळाला नव्हता त्यांनाही स्वयंपाक करता येऊ लागला. जे मोजता येते ते वाटून घेता येते. म्हणून आठवड्याची आखणी कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावी आणि प्रत्येक कामापुढे नाव असावे: कणीक वडिलांनी मळावी, फोडणी आईने द्यावी, पुढच्या आठवड्यात त्यांनी कामे अदलून घ्यावी. सहा-सात वर्षांच्या मुलाला मटार सोलता येतात, दहा वर्षांच्या मुलीला धिरड्याचे पीठ ढवळता येते, बारा वर्षांच्या मुलाला, जवळ वडीलधारे असता, पोळी भाजता येते. डब्यासाठी दोन भाज्यांपैकी कोणती हवी हे मुलाने निवडावे; स्वतः निवडलेले आणि स्वतः सोललेले अन्न मूल सहसा टाकत नाही.

दिवाळीच्या दिवसांत फराळासाठी भाजण्याची, दळण्याची आणि डबे भरण्याची सवय हाताला झालेलीच असते. दिवाळीची सुट्टी संपण्यापूर्वी त्याच उत्साहात थालिपिठाची भाजणी भाजून दळून आणावी, एक कोरडी चटणी करावी, आणि पहिल्या आठवड्याची यादी सर्वांनी एकत्र बसून ठरवावी. पहिल्या आठवड्यात सहापैकी चारच दिवस आखणीप्रमाणे पार पडले, तरी नाउमेद होऊ नये. दुसऱ्या महिन्यापर्यंत ती घराची वहिवाट होते. मुलांना आपण जे देऊ शकतो त्यांत रोजचे ताजे, पुरेसे आणि प्रेमाने योजलेले अन्न हे फार मोठे देणे आहे, आणि योग्य व्यवस्था असेल तर ते कोणत्याही कामकरी आईवडिलांच्या आवाक्यात आहे.