विश्लेषण : होडीच्या तळाला गळती लागली तर? पहिली पाच मिनिटे का महत्त्वाची?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. अकोल्यात भंडारदरा, राहुरीत मुळा धरण, शेवगाव-नेवासे तालुक्यांना टेकलेला नाथसागर आणि कर्जतच्या कडेने उजनीचे बॅकवॉटर. पूल होण्यापूर्वी दौंडकडून सिद्धटेकला जाणारे भाविक होडीनेच भीमा ओलांडत असत. आजही मासेमारी, पर्यटन आणि पैलतीरावरच्या गावाला जाण्यासाठी होड्या चालतात. अशा होडीच्या तळातून अचानक पाणी आत येऊ लागले, तर किनारा गाठेपर्यंत ती तरंगती ठेवता येते का? समुद्रावर शिडाच्या नौका चालवणाऱ्यांनी यासाठी काही साधे उपाय शोधून ठेवले आहेत. ते धरणाच्या पाण्यातही तितकेच लागू पडतात.

बोटीच्या तळाला भोके असतात कशासाठी?

वाचून आश्चर्य वाटेल, पण बहुतेक मोठ्या शिडाच्या नौकांच्या तळाला मुद्दाम भोके पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी आत घ्यावे लागते, स्वयंपाकघराचे आणि शौचालयाचे पाणी बाहेर सोडावे लागते, खोली मोजणारे यंत्र पाण्यात डोकवावे लागते. प्रत्येक भोकात धातूची किंवा प्लास्टिकची आरपार जोडणी बसवतात. छतावरच्या पाण्याच्या टाकीला नळ जोडताना जसे निपल बसवतात, तसाच हा प्रकार. त्यावर आतून एक कॉक असतो, त्याला ‘सी-कॉक’ म्हणतात. कॉकला रबरी नळी आणि नळीला पट्टीचा क्लॅम्प. टाकीच्या निपलला गळती लागली तर गच्ची ओली होते. बोटीच्या जोडणीला लागली तर बाहेरचे सगळे तळे आत येऊ पाहते, एवढाच फरक.

धरणावरच्या साध्या फायबरच्या होडीला इतक्या जोडण्या नसतात. पण अनेक होड्यांना मागच्या बाजूला, तळालगत, साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी एक भोक आणि त्याला बूच असते. होडी काठावर ओढल्यावर काढलेले बूच पुन्हा न लावताच ती पाण्यात ढकलणे, ही छोट्या होड्यांत पाणी शिरण्याची जगभर आढळणारी चूक आहे.

गळती सुरू कशी होते?

बहुतेक वेळा कारण मोठे नसते. ऊन, तेल आणि वय यांमुळे रबरी नळी कडक होते, तिला चिरा पडतात. क्लॅम्प गंजून तुटतो. जोडणीभोवतीचे सीलंट वाळून सुटते. खाऱ्या पाण्यात पितळी जोडणीतले जस्त हळूहळू निघून जाते. धातूला गुलाबी छटा येते, तो आतून सच्छिद्र होतो आणि एखाद्या दिवशी पान्याच्या हलक्या झटक्याने तुटतो. म्हणूनच समुद्रावर जाणाऱ्या नौकांना कांस्य धातूच्या किंवा खास मजबूत प्लास्टिकच्या जोडण्या बसवतात. गोड्या पाण्यात ही झीज कमी होते. पण तिथे खडकावर घासणे, बुडालेल्या झाडाच्या बुंध्यावर आपटणे आणि वर्षानुवर्षे डागडुजी न होणे, ही कारणे पुरेशी ठरतात.

एवढ्याशा भोकातून किती पाणी येते?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटर खोलीवर दीड इंचाचे भोक पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. म्हणजे घरावरची हजार लिटरची टाकी साधारण सात मिनिटांत भरेल. एक इंचाचे भोक ३० सेंटिमीटर खोलीवर असेल, तरी मिनिटाला ४०हून अधिक लिटर, म्हणजे जवळपास तीन बादल्या. एकटा माणूस वल्हवता वल्हवता इतके पाणी उपसू शकत नाही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. त्याच ६० सेंटिमीटर खोलीवरच्या दीड इंची भोकावर पाण्याचा एकूण जोर पाऊण किलोहूनही कमी असतो. म्हणजे तळहात दाबून धरला तरी भोक बंद होते. प्रवाह पाहून छाती दडपते, पण त्याला अडवायला फार मोठी ताकद लागत नाही. लागते ती जागा सापडणे आणि हाताशी काहीतरी असणे.

सर्वांत आधी काय करायचे?

भोक शोधण्याआधी माणसे. सर्वांनी लाइफ जॅकेट घालायचे, घातलेले असेल तर त्याचे पट्टे आवळायचे. दुसरे, फोनला रेंज असेल तर काठावरच्या माणसांना किंवा ११२ क्रमांकावर लगेच कळवायचे. फोन भिजल्यावर ही संधी जाते. तिसरे, होडी जवळच्या काठाकडे वळवायची. मूळ धक्का दूर असेल तर त्याचा हट्ट धरायचा नाही. एकाने उपसायला लागायचे, दुसऱ्याने शोधायला.

शोधण्यात वेळ घालवून चालत नाही, कारण आतले पाणी वाढले की भोक त्याखाली जाते आणि मग कुठून येते आहे तेच दिसत नाही. म्हणूनच जाणकार नाविक आपल्या नौकेतील प्रत्येक जोडणीची जागा दाखवणारा एक कागद आत चिकटवून ठेवतात. अंधारात, पाणी गुडघ्यापर्यंत आल्यावर, आठवणीवर विसंबता येत नाही.

तात्पुरती दुरुस्ती कशी करतात?

नळी फाटली असेल तर उपाय सर्वांत सोपा. कॉक बंद करायचा. पाव फेऱ्याच्या कॉकचा दांडा नळीच्या रेषेत असेल तर तो उघडा, आडवा केला की बंद. त्यानंतर फाटलेल्या जागी रबरी पट्टी ताणून गुंडाळायची आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प किंवा तार आवळायची. सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टीही इथे कामी येते.

कॉकच तुटला असेल तर बूच. यासाठी मऊ लाकडाची, एका टोकाला निमुळती बुचे मिळतात. मऊ लाकूड पाण्याने फुगते आणि भोकात घट्ट बसते. भोक वेडेवाकडे असेल तर बुचाला कापड गुंडाळून ठोकायचे. मात्र हातोडा बेताने, कारण कमजोर झालेली जोडणी जोरकस घावाने पूर्ण निखळू शकते. प्रत्येक जोडणीच्या मापाचे बूच तिच्याच शेजारी दोरीने बांधून ठेवण्याची शिस्त म्हणूनच पाळली जाते. लाकूड नसेल तर गाजर, बटाटा, कापडाचा बोळा, चपलेच्या रबराचा तुकडा, काहीही चालते. त्या क्षणी शंभर टक्के बंद होणे गरजेचे नाही. मिनिटाला १४० लिटरचे १० लिटर झाले, तरी उपसणारा माणूस जिंकतो.

जोडणीच्या कडेने पाझर असेल तर तिथे इपॉक्सी पुट्टी लावतात. दोन लगदे एकत्र मळून घट्ट होणारी ही पुट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाण्याखालीही घट्ट होणारा तिचा प्रकार घ्यावा लागतो. मात्र वाहत्या धारेवर ती टिकत नाही. आधी बोळ्याने धार थोपवायची, मग भोवती पुट्टी थापायची. पाझरणारी जोडणी पान्याने आणखी आवळण्याचा मोह मात्र टाळायचा.

बाहेरून झाकणे आणखी चांगले का?

आतून लावलेल्या बुचाला पाणी मागे ढकलते. बाहेरून झाकले तर तेच पाणी झाकण भोकावर दाबून धरते. तळाला मोठी चीर गेली असेल तर ताडपत्री किंवा जाड कापड दोऱ्यांनी बोटीखालून ओढून चिरेवर आणतात. ही युक्ती जुनी आहे. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळखडकांवर जेम्स कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज अडकून फुटले, तेव्हा शिडाच्या कापडावर लोकर आणि दोरांचे तंतू थापून ते जहाजाखालून ओढण्यात आले. आत शिरणाऱ्या पाण्यानेच ते चिरेत ओढले जाऊन बसले आणि जहाज किनाऱ्याला लागले.

मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’चे काय झाले होते?

तात्पुरत्या दुरुस्तीचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश नाविकाने १९६०च्या दशकात मुंबईत सागवानाची ‘सुहेली’ ही ३२ फुटी शिडाची नौका बांधून घेतली. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फालमथहून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अटलांटिकमध्येच पाणी आत येऊ लागले. इथे जोडणी तुटली नव्हती, तर तळाच्या कण्यालगतच्या फळ्यांची सांध उघडत होती.

पाण्यात बुडी मारून सांधीत कापूस ठोकून बसवण्याचा त्याचा पहिला प्रयत्न फसला. श्वास संपेपर्यंत काम पुरे होत नव्हते. मग त्याने डेकवर बसून कॅनव्हासची लांब पट्टी तयार केली, तिला डांबर लावले, आधीच तांब्याचे खिळे टोचून ठेवले आणि पुन्हा बुड्या मारत ती सांधीवर ठोकली. वरून तांब्याची पट्टी बसवली. पाण्यात आपली गोरी कातडी शार्कना दिसू नये म्हणून तो गडद कपडे घालून उतरला होता. गळती आटोक्यात आली. २२ एप्रिल १९६९ रोजी ‘सुहेली’ फालमथला परतली. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी शेवटपर्यंत पोहोचलेला तो एकटाच.

पुढे भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेची कल्पना मांडली ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत होते. मोहिमेसाठी ‘म्हादेई’ ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. तयारीसाठी कमांडर दिलीप दोंदे यांनी याच नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन घेतले. मे २०१० मध्ये दोंदे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.

जिल्ह्यातील होड्यांसाठी याचा अर्थ काय?

२१ मे २०२४ रोजी करमाळ्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. या दोन्ही दुर्घटना होड्या उलटल्याच्या होत्या. पण गळतीचा आणि उलटण्याचा संबंध जवळचा आहे.

होडीत साचलेले पाणी एका जागी थांबत नाही. होडी डावीकडे कलली की ते डावीकडे धावते आणि कल आणखी वाढवते. त्यामुळे गळकी होडी बुडण्याआधीच उलटण्याची शक्यता असते. पाणी दिसताच घाबरून सगळे एका बाजूला सरकले, तर तीच गोष्ट माणसांच्या वजनाने घडते. शिडाची नौका वाऱ्याचा उपयोग करून मुद्दाम एका अंगावर कलवून भोक पाण्याबाहेर काढता येते. प्रवाशांनी भरलेल्या छोट्या होडीत हा प्रयोग करू नये. जागेवर, खाली, मधोमध बसून राहावे.

प्रवाशाने आणि होडीवाल्याने काय पाहावे?

इंजिनावर चालणाऱ्या होड्यांची तपासणी आणि नोंदणी अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ नुसार बंधनकारक आहे. पण होडीत पाय ठेवण्याआधी कोणालाही चार गोष्टी पाहता येतात. तळात आधीच पाणी आहे का? उपसायला बादली किंवा पंप आहे का? प्रत्येकासाठी जॅकेट आहे का? आणि माणसे क्षमतेपेक्षा जास्त तर नाहीत ना? यातील एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

होडीवाल्यासाठीचा संच पिशवीत मावेल एवढा आहे. वेगवेगळ्या मापांची तीन-चार निमुळती लाकडी बुचे, हातोडी, जुने कापड, रबरी ट्यूबच्या पट्ट्या, दोन-तीन क्लॅम्प, पुट्टीचे एक पाकीट, विजेरी आणि दोरी बांधलेली बादली.

बूच बसले, गळती थांबली, म्हणजे काम झाले असे मात्र नाही. ते बूच फक्त काठापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. वाटेत वेग कमी ठेवायचा आणि एका माणसाने त्यावर नजर ठेवायची. काठावर आल्यावर होडी बाहेर ओढून जुनी जोडणी काढायची, जागा खरवडून कोरडी करायची, नवे सीलंट आणि आतून आधाराची फळी लावून नवी जोडणी बसवायची. ‘कालपर्यंत टिकले, आजही टिकेल’ म्हणत तात्पुरत्या बुचावरच दुसऱ्या दिवशी प्रवासी घेणे धोक्याचे आहे. पावसाळ्याआधी, धरणातले पाणी खाली गेलेले असताना, हे काम करून घेणे सर्वांत सोयीचे.