लेबलवर 'जांभूळ मध' लिहिताय? आधी परागकण मोजून घ्या

मधाच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, की "सर, हा जांभळाचाच मध आहे हे कशावरून?" दोन वर्षांपूर्वी मलाही हेच वाटायचं, की रंग गडद, चव किंचित तुरट, म्हणजे जांभूळच. पुरवठादार म्हणाला आणि मी साठ बाटल्यांवर लेबल चिकटवून मोकळा झालो. साध्या मधापेक्षा किलोमागे दोनशे रुपये जास्त लावले. मग एका हॉटेलवाल्याने मोठी ऑर्डर देण्याआधी रिपोर्ट मागितला.

ही तपासणी समजायला अवघड नाही. मधमाशी फुलावरून मकरंद आणते तेव्हा त्यात परागकणही येतात. साधारण 10 ग्रॅम मध 20 मिली कोमट पाण्यात विरघळवतात, यंत्रात गरगर फिरवतात, तळाशी बसलेला गाळ काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कण ओळखून मोजतात. जांभळाचा कण बारीक, तिकोनी. सूर्यफुलाचा गोल आणि काटेरी. एका फुलाचे कण 45 टक्क्यांच्या वर असतील तर सर्वसाधारणपणे तो त्या फुलाचा मध मानतात.

माझ्या मधात जांभूळ निघालं 22 टक्के. सूर्यफूल 51! पेट्या जांभळाच्या बहराआधी सूर्यफुलाच्या शेतात होत्या आणि जुना मध फ्रेममध्ये तसाच राहिला होता. पुरवठादाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, पण विचारायचं काम माझं होतं.

हा आकडा डोळे झाकूनही घेऊ नका बरं का. निलगिरीचे कण मधात भरमसाट येतात, लिंबूवर्गीय फुलांचे फार कमी, म्हणून जाणकार माणूस टक्केवारी फुलानुसार वाचतो. त्यात निलगिरी आणि जांभूळ एकाच कुळातली, दोघांचेही कण तिकोनी. फार बारीक गाळलेल्या मधात कण उरतच नाहीत. आणि साखरेच्या पाकाची भेसळ यातून पकडता येत नाही, त्याची चाचणी वेगळी.

कारवीच्या मधाचं तर विचारूच नका. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. प्रत्येक डोंगरावर एकाच वर्षी फुलते असं नाही, तरी दरवर्षी हवा तितका कारवी मध देणाऱ्याला "कुठल्या घाटातला?" एवढं विचाराच.

चौकशीसाठी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नमुना देताना पेट्या कुठल्या महिन्यात कुठे होत्या, हे लिहून द्या.

त्या साठ बाटल्यांचं काय झालं? विकलेल्या सतरा गिऱ्हाइकांना फोन करून फरकाचे पैसे परत दिले. बाकीच्यांवर 'बहुफुली मध' असं नवं लेबल लावलं. हॉटेलवाल्याने तोच घेतला, पण साध्या मधाच्या भावाने.