सागरी वाटेचा हिशेब

भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जहाजाशी अकोला-अमरावतीच्या वाचकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु असे धक्के सार्वजनिक पैशातून उभे राहतात आणि त्या तिजोरीत वऱ्हाडचाही वाटा असतो.

मार्च २०२० मध्ये मुंबई-मांडवा मार्गावर ग्रीसमध्ये बांधलेले रो-पॅक्स जहाज सुरू झाले. त्यात मोटारी आपल्याच चाकांवर चढतात आणि उतारू वरच्या मजल्यांवर बसतात. रस्त्याने शंभरावर किलोमीटरांचा, तीन-चार तासांचा प्रवास तासाभरावर येतो. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात. हे जहाज हवामान अनुकूल असल्यास तेव्हाही चालते. ही सोय निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि जहाज भरलेले असो वा रिकामे, इंधनाचा व खलाशांचा खर्च फारसा बदलत नाही. म्हणून चालक सहजच अधिक भाडे देणाऱ्या मोटारवाल्याकडे वळतो. सुटीच्या दिवशी अलिबागला जाणाऱ्यांनी जहाज भरले, तर धंदा चालेल. पण सार्वजनिक भांडवलाचे सार्थक झाले, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

मुर्तिजापूरची शकुंतला कापसासाठी सुरू झाली. पुढे ती गरीब प्रवाशाचा आधार बनली. ती थांबली तेव्हा मोटारवाल्याचे काही अडले नाही. सागरी वाटेचे यशही मोटारींच्या रांगेवरून मोजू नये. मांडव्याला उतरलेल्या पायी प्रवाशाला पुढची एस.टी. वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्यात मिळते काय, हाच त्याचा खरा निकष होय.