घाटमाथ्यावरचा हिवाळा : गांगवॉन प्रांतातील एका कौटुंबिक प्रवासाची आखणी

दक्षिण कोरियाच्या ईशान्य कोपऱ्यात गांगवॉन नावाचा प्रांत आहे. जोसोन राजवटीने १३९५ साली हा सुभा कायम केला, आणि १९५३ च्या कोरियन युद्धविरामाने त्याचे आजचे दोन तुकडे कायम केले. त्याच नावाचा दुसरा प्रांत आज सरहद्दीपलीकडे, उत्तर कोरियाच्या अमलाखाली आहे. थेबेक पर्वताची रांग पूर्व समुद्राच्या किनाऱ्याशी जवळजवळ समांतर अशी या सबंध मुलखातून उतरत जाते. तिच्या पश्चिमेकडील भागाला योंगसो आणि पूर्वेकडील चिंचोळ्या किनारपट्टीला योंगदोंग म्हणतात, आणि या दोहोंना जोडणाऱ्या वाटांत ८३२ मीटर उंचीचा देग्वाल्ल्योंग हा घाट सर्वांत प्रसिद्ध आहे.

अलीकडे आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे बर्फ पाहण्याच्या हौसेने या प्रदेशाकडे वळू लागली आहेत. त्यांच्या प्रवासाचे आराखडे पाहिले, तर सहा दिवसांत दहा स्थळे, दररोज नवा मुक्काम आणि दिवसाचा निम्मा वेळ मोटारीत, असाच प्रकार बहुधा आढळतो. मला ही रीत मुळातूनच चुकीची वाटते. ज्या प्रदेशात हवामान, अन्न, घराची रचना, धर्मस्थळांचे भाग्य आणि लढायांचा इतिहास या साऱ्यांवर एकाच पर्वतरांगेचा अंमल आहे, तेथे स्थळांची यादी हाती घेण्याआधी त्या रांगेचा नकाशा हाती घ्यावा, घाटमाथ्यावर एकच मुक्काम धरून चार रात्री काढाव्यात आणि तेथूनच एक दिवस डोंगरात, एक दिवस नदीकाठी, एक दिवस समुद्राकडे असे फिरावे, हे माझे सांगणे आहे.

प्रथम हवेचा विचार. सायबेरियावर साचलेल्या थंड हवेच्या राशीतून वाहणारा कोरडा वायव्य वारा हिवाळाभर कोरियावर राज्य करतो. त्यामुळे पश्चिमेकडील खोऱ्यांत थंडी कडाक्याची, पण आकाश बहुधा स्वच्छ असते. सरहद्दीलगतच्या चॉरवॉन येथे २००१ च्या जानेवारीत पारा शून्याखाली २९ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. परंतु वारा फिरून ईशान्येकडून येऊ लागला, की समुद्रावरची ओल घेऊन आलेली ती हवा पर्वताच्या पूर्व उतारावर चढते, थंडावते आणि गांगनुंग-सोकचोच्या पट्टीत भरमसाट बर्फ टाकते. २०१४ च्या फेब्रुवारीत असेच कित्येक दिवस सलग बर्फ पडून या किनाऱ्यावरची गावे त्याखाली दबून गेली होती. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून एका अंगाला कोकणातला धुवाधार पाऊस आणि दुसऱ्या अंगाला देशावरचे कोरडे आभाळ ज्याने पाहिले आहे, त्याला हे गणित निराळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की येथे समुद्र पूर्वेला आहे आणि पाण्याच्या जागी हिम आहे. समुद्राच्या सान्निध्यामुळे गांगनुंगचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याच्या किंचित वर राहते, तर तेथून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या देग्वाल्ल्योंगला ते शून्याखाली सहा-सात अंश असते. म्हणून सामान बांधताना एकाच दिवसात दोन ऋतूंतून जावयाचे आहे हे ध्यानात ठेवावे, आणि एका जाड कोटावर विसंबण्यापेक्षा एकावर एक चढविता व उतरविता येतील अशा कपड्यांची तजवीज करावी.

काळ निवडावयाचा तर जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. मात्र पंचांग पाहिल्यावाचून तिकिटे काढू नयेत. सोल्लाल हा कोरियन चांद्र वर्षारंभ जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत केव्हाही येतो, आणि त्या तीन दिवसांत अर्धा देश आपापल्या मूळ गावी निघालेला असतो. आगगाड्या भरलेल्या, रस्ते तुंबलेले आणि लहान खाणावळी बंद, अशी स्थिती असते. भारतीय नागरिकास व्हिसा आवश्यक आहे, आणि अर्जासोबत उत्पन्नाचे व मुक्कामाचे दस्तऐवज जोडावे लागतात. तेव्हा या कामास निदान दोन महिने आधी हात घालावा.

२०१७ च्या डिसेंबरात, म्हणजे प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर, सोलहून गांगनुंगला जाणारा जलद लोहमार्ग सुरू झाला आणि या डोंगरी मुलखाचे अंतर एकाएकी आटले. सोलहून गांगनुंगला सुमारे दोन तास पुरतात. घाटमाथ्यावर मुक्काम करणाऱ्याने त्याआधीच्या जिन्बू स्थानकावर उतरावे. ज्या सामन्यांसाठी हा मार्ग बांधला गेला ते भरविण्याचा मान प्योंगचांगला दोन वेळा हुकल्यानंतर तिसऱ्या खेपेस मिळाला होता, आणि आपला ल्यूजपटू शिवा केशवन याची सहावी व अखेरची ऑलिंपिक स्पर्धा याच डोंगरात झाली. त्या वैभवाची एक किंमतही आहे. जोंगसनजवळच्या गारिवांग पर्वतावर उताराच्या शर्यतीसाठी जुने, संरक्षित अरण्य तोडण्यात आले. आज तेथून पाळणा वर जातो. मुलांना तो अवश्य दाखवावा, आणि तोडलेल्या अरण्याची हकीकतही त्यांना त्याच वेळी सांगावी.

बर्फावरील खेळांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९७५ साली उघडलेले योंगप्योंग हे कोरियातील पहिले आधुनिक स्कीकेंद्र घाटमाथ्याजवळच आहे. तेथे कपडे, बूट आणि स्की भाड्याने मिळतात, शिकविणारे असतात, आणि अगदी लहानांसाठी घसरगाडीचे निराळे उतार आहेत. एक सबंध दिवस तेथे द्यावा, दोन देऊ नयेत.

याच घाटमाथ्यावर, ह्वेंगग्ये गावाच्या परिसरात, हिवाळ्याचा जो उद्योग चालतो तो मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. डिसेंबरात कडाका पडला, की म्योंगथे नावाचे, हातभर लांबीचे समुद्रातले मासे साफ करून येथे आणले जातात आणि मोकळ्या शेतात उभारलेल्या लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगले जातात. मांडव दुमजली असतात; आडव्या वाशांवरून हजारो मासे डोके वर, तोंड आ वासलेले, अशा स्थितीत लोंबत असतात आणि त्यांच्या पाठीवर ताज्या बर्फाची रेघ साचलेली असते. रात्री ते दगडासारखे गोठतात. दुपारच्या उन्हाने वरचा थर किंचित सैलावतो, ओल बाहेर पडते, आणि सूर्य कलताच पुन्हा गोठतो. हे चक्र वसंतापर्यंत चालते तेव्हा कोठे मांस सोनेरी, फुसफुशीत आणि तंतुमय होते. मग त्याला ह्वांगथे म्हणतात. हिवाळा उबदार गेला तर तोच मासा काळवंडतो, थंडी अतिरेकी झाली तर पांढुरका पडतो, आणि दोन्ही अवस्थांना बाजारात निराळी नावे व उतरलेला भाव आहे. हा धंदा युद्धकाळात उत्तरेकडील हामग्योंग प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी येथे रुजविला. त्यांची गावे सरहद्दीपलीकडे राहिली. पण गावाकडची विद्या त्यांनी सोबत आणली, आणि तिला लागणारी थंडी व वारा त्यांना या घाटमाथ्यावर सापडला. आज हा मासा कोरियाच्या समुद्रात जवळपास उरलेला नाही, २०१९ पासून त्याच्या मासेमारीवर बंदी आहे, आणि मांडवावर चढणारा माल मुख्यतः रशियाकडून येतो. मत्स्याहारी कुटुंबाने या माशाचे दुधाळ रंगाचे ऊनऊन सार सकाळी घ्यावे; घाटमाथ्यावरच्या थंडीत त्यासारखा दुसरा आहार नाही.

शाकाहारी कुटुंबाची वाट थोडी अवघड आहे, पण बंद नाही. भाताबरोबर येणाऱ्या किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो आणि साध्या दिसणाऱ्या सारातही सुक्या माशांचे पाणी असते, हे आधी माहीत असावे. परंतु हा डोंगर गरीब शेतीचा. बटाटा, बकव्हीट आणि रानभाज्या हीच येथील रयतेची पिढ्यान्‌पिढ्यांची शिदोरी. बटाट्याचे धिरडे, बकव्हीटचे पातळ आंबोळीसारखे मेमिलजॉन, गोन्द्रे नावाची रानभाजी घालून शिजविलेला भात, हे पदार्थ सांगून-सवरून घेतले तर निर्वेध खाता येतात. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तर मांस-मासळीच नव्हे, कांदा-लसूणही वर्ज्य असतो, आणि आपल्याकडील पुष्कळ घरांतल्या आजींना हे ऐकून प्रवासाविषयी प्रथमच विश्वास वाटेल.

मठांचा विषय निघाला म्हणून ओदेसानकडे वळतो. माझ्या मते या सबंध प्रवासाचे हृदय तेथे आहे. चीनमधील वुताई पर्वताप्रमाणेच हाही मंजुश्री बोधिसत्त्वाचा निवास मानला जातो, आणि जाजांग नावाच्या भिक्षूने ६४३ साली येथे वोलजोंगसा मठाची स्थापना केली अशी परंपरा आहे. मठाकडे जाणारी सुमारे एक किलोमीटरची वाट उंच फर वृक्षांच्या रांगांमधून जाते आणि म्हाताऱ्या माणसांनाही झेपण्याजोगी सपाट आहे. मात्र बर्फ दडपून काचेसारखे गुळगुळीत झाले असेल तर बुटांना बांधावयाची लोखंडी दात्यांची पट्टी, जिला तेथे आयजेन म्हणतात, ती प्रत्येकाच्या पायात हवी. प्रांगणात नऊ मजल्यांचा अष्टकोनी दगडी स्तूप आहे आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेली बोधिसत्त्वाची मूर्ती. भोवतालची लाकडी मंदिरे मात्र जुनी नाहीत. १९५१ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या दक्षिण कोरियन सैन्याने, शत्रूला आसरा मिळू नये म्हणून, हा मठ जाळला. स्तूप तेवढा आगीचे व्रण घेऊन उभा राहिला.

येथून ओढ्याच्या काठाने सुमारे ९ किलोमीटर वर गेले, की सांगवोनसा हा मठ लागतो. तोही जाळण्याचा हुकूम घेऊन सैनिक आले, तेव्हा हानआम हे वृद्ध भिक्षू चीवर घालून बुद्धमूर्तीसमोर जाऊन बसले आणि आपल्यासकट मंदिर जाळावे असे त्यांनी सांगितले. अधिकाऱ्याने दारे काढून तेवढीच जाळली, दुरून धूर दिसेल इतकी व्यवस्था केली आणि तो निघून गेला. हानआम त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निवर्तले. त्यांच्यामुळे वाचलेल्या या मठात ७२५ साली ओतलेली, कोरियातील सर्वांत जुनी ज्ञात घंटा आहे: पुरुषभर उंचीची, अंगावर वाद्ये वाजवीत अंतराळात विहरणाऱ्या दोन अप्सरा, आणि वरच्या बाजूस चार चौकटींत कमळकळ्यांसारखे उंचवटे. ते ३६ असावयास हवेत, पण एक नाही. १४६९ साली आन्दोंगहून ही घंटा येथे आणताना ती एका घाटात अडून राहिली, कोणाच्यानेही हलेना, तेव्हा तिची एक कळी कापून मूळ गावी परत पाठविली आणि मगच ती पुढे चालली, अशी आख्यायिका आहे. मुलांना घंटेसमोर उभे करून ती रिकामी जागा शोधावयास लावावी.

याच अरण्यात जोसोन राजांचे दप्तर होते. १५९२ च्या जपानी स्वारीत राजवृत्तांताच्या प्रती जळून केवळ जोंजू येथील एक वाचली. त्या अनुभवाने शहाणे होऊन दरबाराने नव्या नकला दुर्गम पर्वतांत ठेविल्या, आणि ओदेसानचा दप्तरखाना १६०६ साली उभा राहिला. जपानी अमलात, १९१३ साली, ते ग्रंथ टोकियोच्या विद्यापीठात नेण्यात आले आणि त्यांपैकी बहुतेक १९२३ च्या भूकंपात भस्मसात झाले. उरल्यांपैकी ४७ ग्रंथ २००६ साली कोरियास परत मिळाले, आणि २०२३ पासून ते ओदेसानच्या पायथ्याशी खास बांधलेल्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडील मोडी रुमालांचे हाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी येथे एक तास तरी थांबावे.

नदीकाठच्या दिवसासाठी लोक ह्वाचॉनचे नाव घेतात. पंचवीस हजारांच्या आत वस्ती असलेल्या या सरहद्दीवरच्या तालुक्यात २००३ पासून दर जानेवारीत गोठलेल्या नदीवर छिद्रे पाडून सानचॉनओ मासे धरण्याचा उत्सव भरतो आणि दहा लाखांहून अधिक माणसे लोटतात. बर्फावर बसून गळ सोडण्यात मुलांना आनंद आहे; पण संवर्धनतळ्यांत वाढविलेले मासे थंड पाण्याच्या हौदात सोडून उघड्या हातांनी पकडण्याचा जो खेळ तेथे चालतो, तो मला क्रूर वाटतो, आणि मी तो मुलांपुढे ठेवणार नाही. शिवाय २०२० मध्ये उबदार हवेने व पावसाने बर्फच पक्का झाला नव्हता आणि उत्सव लांबणीवर पडला. तेव्हा या एका दिवसावर सबंध बेत टांगू नये. त्याऐवजी चुनचॉनला जावे. सोलहून तेथे जाणाऱ्या लोहमार्गावर गाप्योंग स्थानक लागते. गाप्योंगच्या खोऱ्यात १९५१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुलाच्या फौजा लढल्या, त्या वेळी जखमींची शुश्रूषा लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालील ६० व्या भारतीय पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सने केली होती. रंगराज यांना पुढे महावीरचक्र मिळाले.

मुक्काम शक्य तर ओनदोल खोलीत करावा. पूर्वी स्वयंपाकघरातील चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी नळ्यांतून फिरवून फरशी तापवीत. आता तेच काम गरम पाण्याच्या नळांकडून घेतात. जमिनीवर गाद्या घालून सारे कुटुंब एका ओळीत झोपते, आणि थंडीने आखडलेल्या पाठीला खालून ऊब मिळते. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांसाठी मात्र खाटेची खोली आधीच मागून घ्यावी, आणि रात्री खोलीत ओला पंचा टांगावा. तापलेल्या फरशीने हवा फार कोरडी होते.

शेवटचा दिवस गांगनुंगचा. तेथील चोदांग भागात समुद्राच्या पाण्याने विरजलेले मऊ टोफू मिळते. ओजुकहॉन हे सोळाव्या शतकातील चित्रकर्ती शिन साइमदांग हिचे माहेर, आणि तिचा पुत्र युलगोक हा तत्त्ववेत्ता येथेच जन्मला. पन्नास हजार वॉनच्या नोटेवर आई आणि पाच हजारांच्या नोटेवर मुलगा आहे, तेव्हा दोन्ही नोटा खिशात ठेवून जावे. घाटमाथ्यावरून खाली येण्यास, रस्ता मोकळा असेल तर, देग्वाल्ल्योंगचा जुना वळणावळणांचा रस्ता धरावा. साइमदांगही माहेर सोडताना याच घाटाने गेली होती. ईशान्येचा वारा सुटला असेल तर मोह आवरून जिन्बूहून आगगाडीच घ्यावी, आणि गांगनुंगहून सोलला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीची तिकिटे मुंबई सोडण्यापूर्वीच काढून ठेवावीत, कारण शनिवार-रविवारी ती आयत्या वेळी मिळत नाहीत.