पावती कोणत्या निरोपाची?

या आठवड्यात न गेलेल्या निरोपांची रांग कशी सांभाळायची ते पाहणार होतो. ते पुढच्या खेपेला. लातूरच्या ट्यूशन एरियात क्लास चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न रांगेच्या आधी सुटायला हवा.

गैरहजर मुलांच्या पालकांना त्यांचं अँड्रॉइड ॲप ओळीने एसएमएस पाठवतं. पडद्यावर लगेच 'सर्व पाठवले' असं येतं आणि संध्याकाळी किनवटकडच्या एखाद्या पालकांचा फोन येतो, आम्हाला तर काहीच आलं नाही. यातला कोणता निरोप कधी पुरा झाला हे कोडला कळेल का, असं ते विचारतात.

कळेल. मात्र लूप संपला म्हणजे काम झालं, हे डोक्यातून काढायला हवं. एसएमएस पाठवण्याचा आदेश निरोप फक्त सोपवतो आणि लगेच परततो. पुढचं सगळं मागाहून घडतं. रजिस्टर टपालाला खिडकीवर एक पावती मिळायची आणि घेणाऱ्याची सही होऊन पोचपावतीचं कार्ड नंतर यायचं, तसंच इथे आहे. आदेशासोबत दिलेले दोन पेंडिंग इंटेंट म्हणजे या दोन पावत्या. सेंट इंटेंट सांगतो की नेटवर्कने निरोप घेतला की नाही. डिलिव्हरी इंटेंट सांगतो की तो पालकांच्या फोनवर उतरला. क्लासला दुसरा हवा. पालकांचा फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर तो तासांनी येतो, कधी येतही नाही. म्हणून 'पोचला' आणि 'नाही पोचला' यांच्या जोडीला 'अजून कळलं नाही' हा रकाना हवाच.

पत्रासोबतच्या कोडमध्ये खरी गोम वेगळीच सापडली. प्रत्येक फेरीत नवा पेंडिंग इंटेंट, त्याच्या एक्स्ट्रामध्ये मुलाचा हजेरी क्रमांक, पण रिक्वेस्ट कोड सगळीकडे शून्य! दोन पेंडिंग इंटेंट एकच आहेत का हे ठरवताना अँड्रॉइड एक्स्ट्राकडे बघतच नाही. त्यामुळे सगळ्या फेऱ्यांत एकच इंटेंट परत परत मिळाला, 'अपडेट करंट' फ्लॅगमुळे आधीचा क्रमांक पुसत गेला आणि सगळ्या पावत्या शेवटच्या मुलाच्या नावावर जमा झाल्या. प्रत्येक निरोपाला वेगळा रिक्वेस्ट कोड द्या, किंवा इंटेंटच्या डेटा यूआरआयमध्येच क्रमांक घाला. मला दुसरी रीत आवडते, कारण तिथे ओळख इंटेंटच्या अंगातच असते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. निरोप मराठीत आहे. एका एसएमएसला 140 बाइट मिळतात. इंग्रजी अक्षरं त्यात 160 बसतात, देवनागरी 70च. निरोप लांबला की तुकडे पडतात आणि जोडणीची माहिती सहा बाइट खाते, म्हणून दर तुकड्याला 67 उरतात. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'विद्यार्थी' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतो, मोजणीत दहा भरतो. तेव्हा नाव, तारीख आणि क्लासचं नाव घातलेला साधा निरोपही दोन-तीन तुकड्यांत जातो, आणि प्रत्येक तुकड्याची पावती वेगळी येते. पहिली पावती आली की निरोप पोचला असं लिहून टाकणारं ॲप पालकांना अर्धाच निरोप गेला तरी समाधानी राहतं. निरोप क्रमांक आणि तुकडा क्रमांक अशी जोडी डेटाबेसमध्ये ठेवा. सगळ्या तुकड्यांवर खूण पडली, तेव्हाच निरोप पुरा. एकच मोजणी कमी करत नेऊ नका. एखादी पावती दोनदा आली तर मोजणी फसते, जोडी फसत नाही.

डिलिव्हरीच्या पावतीत अहवालही असतो. त्यातली स्थिती शून्य असेल तर तुकडा पोचला, 64 किंवा वर असेल तर प्रयत्न सोडून दिलेत. अँड्रॉइड 12पासून पेंडिंग इंटेंट बदलता येणारा की न बदलणारा हे सांगावंच लागतं. इथे बदलता येणाराच ठेवा, नाहीतर अहवाल आत भरला जात नाही. शिवाय इंटेंट तुमच्याच रिसीव्हरच्या नावाने काढा आणि तो रिसीव्हर मॅनिफेस्टमध्ये नोंदवा. स्क्रीनच्या कोडमध्ये नोंदवला तर क्लास सुटल्यावर ॲप बंद होतं आणि रात्री आलेल्या पावत्या घ्यायला कोणीच नसतं.