दिव्यापासून यंत्रमागापर्यंत विजेचा हिशेब

विजेच्या इस्त्रीवरील लहानशा पट्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तीवर '२३० व्होल्ट, १००० वॅट' असे दोन आंकडे असतात. ते वाचतां आले तर इस्त्री किती प्रवाह ओढील, तिच्या तारेचा रोध किती आणि भिंतींतील जुनी तार तो भार सोसेल कीं नाहीं, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें त्यांतून निघतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरांत तर हा हिशेब घराइतकाच मागाच्या खोलींतही उपयोगी पडतो.

गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला पाण्याचा जोर अधिक. विजेचा असा जोर म्हणजे दाब; तो व्होल्टमध्यें मोजतात. नळींतून दर क्षणाला जसें पाणी वाहतें, तसा तारेंतून प्रवाह वाहतो. त्याचें माप अँपिअर. अरुंद नळी पाण्याला आडकाठी करते, तशी तार प्रवाहाला करते. हा रोध, आणि त्याचें माप ओहम. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या तिहींचें नातें मांडलें. दाबाला प्रवाहानें भागलें कीं रोध मिळतो. त्यांच्या देशांत प्रारंभीं या शोधाची उपेक्षाच झाली. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. याच्या जोडीचा दुसरा नियम असा कीं, दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. ती वॅटमध्यें मोजतात.

आतां इस्त्रीचा हिशेब सोपा आहे. १००० ला २३० नें भागलें म्हणजे प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर; आणि २३० ला ४.३५ नें भागलें म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा घेतला तर प्रवाह ०.२६ अँपिअर आणि रोध ८८२ ओहमच्या जवळपास येतो. हा रोध दिवा पेटलेला असतांनाचा. थंड तारेचा रोध पुष्कळच कमी असतो. अधिक तापणाऱ्या वस्तूचा रोध अधिक असावा अशी अनेकांची समजूत असते. परंतु दाब तोच असतां ज्याचा रोध कमी, तोच अधिक प्रवाह ओढतो आणि अधिक शक्ति खातो.

उन्हाळ्यांत एखाद्या संध्याकाळीं दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर इस्त्रींतील प्रवाह ३.४ अँपिअर होतो आणि शक्ति अवघी ६१२ वॅटच्या आसपास उरते. इस्त्री मंद तापते, इतकेंच. यंत्रमागाच्या मोटारीचें मात्र तसें नाहीं. तिचा प्रवाह केवळ तारेच्या रोधावर ठरत नाहीं. तिची शक्ति काढतांना दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टर नांवाच्या अपूर्णांकानेंही गुणावें लागतें. माग तितकेंच काम मागत राहतो. म्हणून दाब एकपंचमांशानें उतरला तर मोटार सुमारें सव्वापट प्रवाह ओढूं लागते. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें इंग्लंडमधील जेम्स जूल यांनीं १८४१ च्या सुमारास दाखवून दिलें. तेव्हां सव्वापट प्रवाह म्हणजे दीडपटीहून अधिक उष्णता. कमी दाबावर मोटार जळते ती अशी.

या वर्गाच्या नियमाचें भव्य उदाहरण सोलापुरापासूनच सुरू होतें. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सोलापूर व कर्नाटकांतील रायचूर यांना जोडणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचें वीजजाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं एका तालांत बांधलें गेलें. इतका प्रचंड दाब कशासाठीं? शक्ति तीच ठेवून दाब दहापट केला, तर प्रवाह एकदशांश होतो आणि त्याच तारेंतील उष्णता एकशतांशावर येते. कारखान्यांतील ४१५ व्होल्टच्या मानानें हा दाब सुमारें १८४३ पट आहे. अर्थात् वाटेंत वाया जाणारी उष्णता सुमारें चौतीस लाख पटींनीं घटते.

घरांतील तारेला हाच नियम उलट बाजूनें लागू पडतो. अर्ध्या ओहम रोधाच्या तारेंतून ४ अँपिअर वाहिले तर ती ८ वॅटनें तापते; १६ अँपिअर वाहिले तर १२८ वॅटनें. प्रवाह चौपट, उष्णता सोळापट! एखाद्या सैल जोडावर ही उष्णता एकवटली आणि भोंवतीं सुताची धूळ सांचलेली असली, तर आगीला वेगळें निमंत्रण लागत नाहीं.

इस्त्रीचे १०००, पाणी तापविण्याच्या गीझरचे २००० आणि शेगडीचे १५०० वॅट एकाच तारेवर पडले, तर बेरीज ४५०० वॅट, म्हणजे जवळजवळ १९.६ अँपिअर होते. १६ अँपिअरचा फ्यूज अशा वेळीं वितळला, किंवा त्याच्या जागीं आलेला एम्.सी.बी. चा खटका पडला, तर तो दोष नव्हे, राखणदाराची हांक आहे. फ्यूजच्या जागीं जाड तार बसविणारा मनुष्य या राखणदारालाच झोंपवितो. नवें यंत्र विकत घेतांना त्याच्या पट्टीवरील वॅटला २३० नें भागून पाहणें, हें काम अर्ध्या मिनिटाचें. परंतु घर आणि मागाची खोली यांचें रक्षण बहुधा त्या अर्ध्या मिनिटांतच होतें.